तीन वेळा उठून जायचं

मला भाव करता येत नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. सुरतेत बत्तीस वर्षं काढून भाव करता येत नाही म्हटल्यावर इथले लोक आधी हसतात, मग मी थट्टा करत नाहीये हे कळलं की हळहळतात. या शहरात दहा रुपयांच्या कोथिंबिरीवर माणसं सात मिनिटं बोलतात आणि शेवटी कोथिंबीर तर घेतातच, वर चार मिरच्याही उचलतात. मी सांगितलेले पैसे देतो आणि वर 'थँक्यू' म्हणतो. एकदा कापड मार्केटात साडीचा भाव ऐकून मी लगेच 'बरं' म्हणालो, तर तो दुकानदारच गोंधळला. त्याने साडी पुन्हा उलगडून कुठे फाटलीय का ते नीट पाहिलं आणि मगच मला दिली.

असा मी, वसंत आठल्ये, विमा कंपनीतून गेल्या मार्चात निवृत्त झालेला गृहस्थ, मोटार घ्यायला निघालो.

मोटार हवी होती उज्ज्वलाला, म्हणजे माझ्या बायकोला. तिची आई बारडोलीला एकटी राहते. वय ब्याऐंशी. सासरे साखर कारखान्यात होते, ते गेल्यावर आम्ही किती सांगितलं तरी सासूबाई सुरतेला यायला तयार झाल्या नाहीत. दर रविवारी आम्ही स्कूटरवरून त्यांच्याकडे जायचो. चार वर्षांपूर्वी कडोदऱ्याच्या पुढे उसाच्या ट्रॅक्टरला बाजू देताना मी स्कूटर घसरवली. मला खरचटलंसुद्धा नाही, आणि तिचा डावा गुडघा कायमचा दुखावला. तेव्हापासून ती बसने जाते. बसच्या पायऱ्या चढताना दांडा धरून क्षणभर थांबते, आणि मागचे लोक 'चालो ने बेन, जल्दी' म्हणतात. मी तिच्या मागेच उभा असतो.

तिने मुकाट्याने मोटार चालवायचा क्लास लावला, लायसन काढलं आणि कपाटात ठेवून दिलं. पैसे होते. मीच टाळत होतो. आधी म्हटलं दिवाळीत ऑफर असते. दिवाळीत म्हटलं मार्चात खरी ऑफर. मार्चात म्हटलं नवीन मॉडेल येतंय. खरं कारण हे की मला शोरूमची भीती वाटत होती. भाजीवाल्याकडे माझे फार तर दहा रुपये जायचे. इथे टाय लावलेला माणूस माझं काय करून ठेवेल, या विचाराने मला झोप लागत नसे. पण हे बायकोला कुठल्या तोंडाने सांगणार?

आमचा मुलगा सौरभ बंगळूरला असतो. त्याच्या कानावर घातलं तर त्याने एक तक्ता पाठवला. त्रेचाळीस ओळी, अकरा रकाने. मी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून तो छापून घेतला, तर गाड्यांची नावं एका कागदावर आली आणि किमती दुसऱ्यावर. ते कागद शेजारी शेजारी लावून मी ओट्यावर बसलो असताना धुडकूआबा आले.

धुडकूआबा आमचे डिंडोलीतले शेजारी. चाळीस वर्षं कापडाच्या लूमवर काढली, पण त्याआधी खानदेशात वडिलांबरोबर बैलांचा व्यापार करत होते आणि मनाने अजून त्याच बाजारात आहेत. त्यांनी माझे कागद बाजूला सारले.

"साहेब, जनावर कागदवर घेतात का कधी?"

"आबा, मोटार घ्यायचीय."

"तेच ते. ते चार पायाचं, हे चार चाकाचं. घेनारा अन् विकनारा तर मानूसच राहतो ना?"

यात खोट काढायला मला काही सापडलं नाही. तिथून माझी शिकवणी सुरू झाली. रोज संध्याकाळी, सोसायटीच्या पार्किंगमध्ये. आबांचं शास्त्र सोपं होतं. जनावर मनात भरलं तरी तोंडावर दिसू द्यायचं नाही. खोड काढायची, नसली तरी काढायची. एक माणूस आपला, पण परका म्हणून आजूबाजूला उभा ठेवायचा. आणि तीन वेळा उठून जायचं. पहिल्यांदा मालक हसतो, दुसऱ्यांदा हाक मारतो, तिसऱ्यांदा दावं हातात घेऊन मागे येतो.

"अन् हे घरात सांगायचं नही," आबा म्हणाले. "वहिनींचं तोंड भलतं सरळ शे. तेवढ्यात मालकाला कळून जाईन."

मग रुमाल आला. गुरांच्या बाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा आणि आत एकमेकांची बोटं दाबून आकडे सांगायचे, म्हणजे भोवतीच्या लोकांना काही कळत नाही. आबांनी माझा हात धरून मला आकडे शिकवले. चार संध्याकाळी शिकलो. समोर विकणारी बाई असेल तर रुमालाचं काय करायचं, हेही मी विचारलं. आबांनी रुमालाची घडी घातली, पुन्हा उलगडली. त्यांच्या बाजारात बाई कधी विकायला उभी राहिलीच नव्हती. मग म्हणाले, "मंग रुमाल खिशातच राहू द्या."

पाचव्या दिवशी त्यांनी मला विकणाऱ्याच्या जागी उभं केलं, म्हणजे समोरच्याचं मन कळतं म्हणून. जनावर म्हणून माझी स्कूटर लावली. गिऱ्हाईक म्हणून आबांचा पुतण्या लोटू, जो लिंबायतमध्ये रिक्षा चालवतो आणि त्या दिवशी सहज काकांना भेटायला आला होता. लोटूने स्कूटरला तीन फेऱ्या मारल्या, सीट दाबलं, सायलेन्सरात बोट घातलं, तोंड वाकडं केलं. रुमाल पडला. त्याने आतून माझी बोटं दाबली. मी दाबली. पुन्हा त्याने दाबली. आपण नक्की काय म्हटलं याचा मी हिशोब लावतोय तोवर लोटू उठला आणि चालू लागला. मला फार वाईट वाटलं. बिचारा रिक्षा बंद ठेवून आपल्यासाठी थांबला होता. मी म्हणालो, "अहो लोटूभाऊ, बरं, असू दे."

लोटू एका उडीत परत आला. माझ्या हातावर टाळी दिली, शंभराची नोट तळव्यावर ठेवली आणि म्हणाला, "इसार घ्या. कागद उद्या करू."

"अरे, पण आपण सराव—"

"साहेब," आबा गंभीर झाले, "इसार हातात पडला. आमच्या बाजारात याच्यानंतर शब्द फिरवत नही."

अशा रीतीने मोटारीचा भाव करायला शिकताना माझी स्कूटर सहा हजाराला गेली. सहा हजार हे मला नंतर कळलं. मला वाटत होतं आम्ही सोळावर थांबलो आहोत.

ती नावावर करून देण्यात पुढचे नऊ दिवस गेले. आरटीओच्या खिडकीवरचा माणूस म्हणाला, चेसिस नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासून ठसा आणा. ठसा नेला तर म्हणाला सात आहे की एक, कळत नाही. पुन्हा नेला तर माझी सही जुळेना. वीस वर्षांपूर्वी मी सही जरा उमेदीने करत असे, त्यात 'ठ'ला एक गिरकी होती. ती गिरकी मला आता काही केल्या येईना. खिडकीसमोर उभं राहून मी माझ्याच सहीचा सराव केला आणि मागचे लोक मला गुजरातीतून सूचना देत राहिले. लोटू शेजारी उभा होता. त्याने मला चहा पाजला, हे मान्य करायला हवं.

उज्ज्वलाने हे सगळं पाहिलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती रागावली नाही. रात्री भांडी पुसता पुसता म्हणाली, "अहो, स्कूटर तर गेली. आता रविवारी शोरूमला जाऊ या. जमलं तर जमलं. नाही जमलं तर मी पुन्हा गाडीचं नाव काढणार नाही. बस आहेच."

हे ती अगदी शांतपणे म्हणाली, तेच वाईट. बत्तीस वर्षांत तिने काही गोष्टींचं नाव काढणं बंद केलंय आणि त्यातली एकही पुन्हा कधी निघालेली नाही.

रविवारी आम्ही रिक्षाने गेलो. आबा दुसऱ्या रिक्षाने आले, कारण ते परके होते. ठरलं होतं असं की आबा फोनवर बोलायचं सोंग घेऊन जवळपास फिरत राहतील आणि मला अहिराणीतून सूचना देतील. मला शेजारधर्माने अहिराणी कळते. शोरूममधल्या गुजराती माणसाला ती कळायचं काही कारण नव्हतं. ही युक्ती माझी होती, आणि तिच्यावर मी फार खूश होतो.

"आवो अंकल, आवो आंटी, बेसो," म्हणत एक मुलगी पुढे आली. पंचविशीची असेल. छातीवरच्या पट्टीवर धनश्री लिहिलं होतं. खिशातल्या रुमालाला मी मनातल्या मनात निरोप दिला.

आम्हाला हवी असलेली गाडी समोरच उभी होती. करड्या रंगाची, गिअर न बदलता चालणारी, म्हणजे डाव्या पायाला काम नाही. उज्ज्वला दार उघडून आत बसली. सीट जरा पुढे घेतलं. दोन्ही हात चाकावर ठेवले. तिचा चेहरा एकदम चोवीस वर्षांचा झाला, म्हणजे आबांच्या हिशोबाने तिथेच पन्नास हजारांचं नुकसान झालं होतं.

मी खोड काढायला घेतली. गाडीभोवती फिरलो. चाक दाबलं. म्हणालो, "मागची चाकं जरा बारीक वाटतात."

"चारे चार सरखा छे, अंकल."

"हं. आणि वय काय हिचं?"

"नवी छे, अंकल."

मी बॉनेट उघडायला लावलं. आत बरंच काही होतं. मी कमरेवर हात ठेवून खूप वेळ बघितलं आणि विमा कंपनीत संशयास्पद दावा आला की जसं म्हणायचो तसं "असं आहे तर" म्हणालो. मग धनश्रीने मला टेबलाशी बसवलं आणि किमतीचा कागद पुढे केला. गाडी, विमा, नोंदणी, जास्तीची वॉरंटी, मॅट, सीट कव्हर. बेरीज नऊ लाखांच्या वर. माझ्या तोंडात 'बरं' आलंच होतं. ते मी गिळलं.

मागून आबांचा आवाज आला. ते फोन कानाला लावून भिंतीवरच्या जाहिरातीच्या पडद्याकडे बघत बोलत होते. "साहेब, आते ऊठा. मांगे दखू नका. ती मांगे येईच."

मी उठलो. "फार होतात," असं म्हणून पाण्याच्या मशीनपर्यंत गेलो. एक ग्लास प्यायलो. दुसरा प्यायलो. कोणी आलं नाही. तिसरा ग्लास पोटात मावेना. शेवटी चष्मा टेबलावर राहिला, असं पुटपुटत मी परत आलो. धनश्रीने चष्मा माझ्या हातात दिला. अगदी पुसून.

"गाडी भारी शे," आबा फोनमध्ये म्हणाले, "पन तोंडवर दखाडू नका. आखो ऊठा. आजून दोनदा जानं शे."

मी पुन्हा उठलो. या वेळी काचेच्या दारापर्यंत. वॉचमनने सलाम करून दार उघडलं, ते उघडंच धरून तो माझ्याकडे बघत राहिला. आतली थंड हवा बाहेर चालली होती. मी छत्री विसरलो म्हणून परत आलो. मे महिन्यात छत्री का आणली होती, हे मला कोणी विचारू नये. आबांनी सांगितलं होतं, हातात काठीसारखं काही असावं.

तिसऱ्यांदा उठलो तेव्हा चष्मा डोळ्यांवर होता, छत्री हातात होती, पाकीट खिशात होतं. आता आत माझी कोणतीही वस्तू राहिली नव्हती. फक्त बायको राहिली होती.

बाहेर ऊन असं होतं की डांबर मऊ झालं होतं. मी मागे न बघता शंभरेक पावलं चाललो आणि पानाच्या टपरीशी थांबलो. पाच मिनिटं झाली. दहा झाली. दावं घेऊन कोणी मागे आलं नाही. वॉचमन मात्र आला. आपुलकीने म्हणाला, "साहेब, रिक्षा बोलावी आपुं?"

तेव्हा मी मागे बघितलं. काचेतून आतलं सगळं दिसत होतं. उज्ज्वला गाडीतून उतरत होती. आधी उजवा पाय, मग दाराला धरून क्षणभर थांबणं, मग डावा. तीच बसच्या पायरीवरची पद्धत. तिला आमचा बेत ठाऊक नव्हता. तिला एवढंच ठाऊक होतं की नवरा नेहमीप्रमाणे पळाला. तिने दार हलकेच लावलं आणि हात तसाच गाडीच्या टपावर ठेवून उभी राहिली.

आबांचा बाजार, माझी प्रतिष्ठा, पन्नास हजार, सगळं तिथेच टपरीशी राहिलं. मी अक्षरशः पळत आत गेलो. छत्री दारात अडकली. ती सोडून दिली.

"मला ही गाडी आवडलीये," मी म्हणालो. आवाज ठरवला होता त्यापेक्षा फार मोठा निघाला. दोन टेबलांवरची माणसं वळली. "मला ही गाडी हवीये, आणि आजच हवीये. मला भाव करता येत नाही. आयुष्यात कधी आला नाही. तीन वर्षं मी याच भीतीने हिला टाळत आलो. तुम्ही जो सांगाल तो भाव. फक्त नाही म्हणू नका."

आबांनी फोन कानाला घट्ट दाबून धरला आणि डोळे मिटले.

"बसा ना काका," धनश्री म्हणाली. मराठीतून. "काकूंनी सही केली कधीच."

"कधी?"

"तुम्ही छत्री घ्यायला आला होता ना, त्याच्या आधी. काकूंनी गाडीत बसूनच विचारलं, 'बाळ, यात काही कमी होतं का?' मी म्हटलं, होतं. एकवीस हजार. ते सगळ्यांनाच होतं, विचारलं तर."

मी उज्ज्वलाकडे बघितलं. ती म्हणाली, "तुमची वाट बघत बसले असते तर आणखी तीन वर्षं गेली असती." हे तिने चिडून म्हटलं नाही. आणि खरं सांगतो, मला अपमान वाटायला हवा होता, पण छातीवरून पाट्याचा दगड उचलल्यासारखं झालं. मी खुर्चीत बसलो आणि चक्क हसायला लागलो.

"पण मी बाहेर गेलो तेव्हा हाक का नाही मारलीस?" मी धनश्रीला विचारलं. "निदान एकदा?"

ती लाजली. मग आबांकडे वळून म्हणाली, "आबा, माले बठ्ठं समजस. मनं गाव बी तिकडलंच शे. लिंबायतमा ऱ्हास आम्ही."

आबांच्या हातातला फोन खाली आला.

"आनि आबा," ती पुढे म्हणाली, "आठे आतमा कोनाच फोन लागत नई. तुम्ही अर्धा घंटा कोनासंगे बोली ऱ्हायनात?"

ज्या शहरात तीन गल्ल्या सोडून चौथ्या गल्लीत अहिराणी बोलतात, तिथे ती गुप्त भाषा म्हणून वापरणारा मी पहिलाच इसम असेन. 'साहेब, ऊठा' पासून 'गाडी भारी शे' पर्यंत सगळं तिने शब्द न् शब्द ऐकलं होतं. मी परत येणार हे तिला माझ्याआधी माहीत होतं. तिने उज्ज्वलाला सांगितलंही होतं, 'काकू, घाबरू नका, काकांचं अजून एकदा जायचं बाकी आहे.' मग मी काचेतून पाहिलं ते काय होतं? उज्ज्वला म्हणाली, "सही झाली म्हणून गाडीवर हात ठेवला. आपली झाली ना."

आबांनी फोन खिशात टाकला. मग त्यांनी धनश्रीला विचारलं, "कोनी पोर शे वं तू?" तिने आजोबांचं नाव सांगितलं. आबांनी कपाळावर हात मारला. त्या आजोबांना त्यांनी एके काळी एक बैलजोडी विकली होती. "त्याच्यातला एक मारका होता," आबा मला कानात म्हणाले, आणि त्यानंतर ते तिथे फार वेळ थांबले नाहीत.

बारा दिवसांनी गाडी मिळाली. उज्ज्वलाने नारळ फोडला, चाकांखाली लिंबं ठेवली आणि मला डाव्या बाजूला बसवून थेट बारडोली गाठली. कडोदऱ्याच्या पुढे समोरून ट्रॅक्टर आला तेव्हा मी डोळे मिटले. उघडले तोवर तो मागे गेला होता.

सासूबाई काठी टेकत अंगणात आल्या. गाडीभोवती एक फेरी मारली. माझ्या हातून काय काय घडू शकतं हे त्या लग्नापासून ओळखून आहेत, म्हणून जेवताना त्यांनी मला न विचारता लेकीलाच विचारलं, "उज्जू, खरं सांग. कितीला फसवलं जावईबापूंना?"

माझा घास हातातच राहिला. उज्ज्वलाने पोळी वाढता वाढता अगदी सहज सांगितलं, "यांना कोण फसवतंय? तीन वेळा उठून बाहेर गेले. सगळं शोरूम बघत राहिलं. एकवीस हजार उतरवले, तेव्हा कुठे बसले."

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. बत्तीस वर्षांत कधी बघितलं नव्हतं असं. मग माझ्या वाटीत आणखी आमरस ओतला. मी मान खाली घालून तो खात राहिलो. मान वर केली असती तर सगळ्यांसमोर रडलोच असतो.